कपाटातली बंदूक कुणाला द्यायची?

डिसेंबर २०१२ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड नावाचं शहर आहे. तिथल्या पोलिसांनी एक कार्यक्रम ठेवला होता. घरात नको असलेली बंदूक आणून द्या आणि बदल्यात गिफ्ट कार्ड घेऊन जा, इतका साधा. एक महिला आपल्या दिवंगत वडिलांची रायफल घेऊन आली. दुसऱ्या महायुद्धात लढून परतताना त्यांनी ती युरोपातून आठवण म्हणून आणली होती. वडील गेले आणि रायफल घरातच पडून राहिली. तिचं काय करायचं हे मुलीला कळत नव्हतं.

तिथे असलेल्या पोलिसांपैकी दोघांना जुन्या शस्त्रांची चांगली जाण होती. त्यांनी ती रायफल पाहिली आणि ते चाटच पडले. ती होती जर्मन बनावटीची 'स्टुर्मगेवेअर ४४', म्हणजे आजच्या असॉल्ट रायफलींची पूर्वज. तिची किंमत होती वीस हजार डॉलरच्या पुढे! पोलिसांनी त्या महिलेला सांगितलं, "ही नष्ट करायला देऊ नका, कायदेशीर मार्गाने विका."

या किश्श्यातून तुम्ही कोणता अर्थ काढता? पोलीस प्रामाणिक होते, हा एक अर्थ. पण बंदूक बाळगणारा अमेरिकन माणूस दुसराच प्रश्न विचारेल. जिथे असे जाणकार पोलीस नव्हते, तिथे अशा किती वस्तू भंगारात गेल्या असतील?

अमेरिकेत या कार्यक्रमांना 'गन बायबॅक' म्हणतात. त्यांच्याबद्दल बातम्या येतात त्या बहुतेक पोलीस, महापौर किंवा समाजसेवी संस्थांच्या बाजूने. ज्यांच्या हातात बंदूक आहे, त्या मालकांना काय वाटतं? आज जरा त्यांच्या बाजूने पाहूया.

बंदुका माणसांपेक्षा जास्त

आपल्याकडे घरात बंदूक म्हटलं की वाडा, जमीनदार किंवा सिनेमातला खलनायक आठवतो. अमेरिकेत तसं नाही. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार तिथल्या सामान्य नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या. त्या वेळी देशाची लोकसंख्या होती ३३ कोटींपेक्षा कमी. 'प्यू रिसर्च सेंटर'च्या २०२३ च्या पाहणीत ३२ टक्के प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं. बंदूक का ठेवता, असं विचारल्यावर मालकांपैकी ७२ टक्के लोकांनी स्वसंरक्षण हे मोठं कारण असल्याचं म्हटलं.

त्यात तिथल्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती नागरिकांना शस्त्र बाळगण्याचा हक्क देते. त्यामुळे तिथल्या सरकारला आपल्यासारखी परवान्याची अट सरसकट घालता येत नाही. मग उरतो तो खुशीचा मार्ग. द्यायची असेल तर द्या, आम्ही काहीतरी मोबदला देतो.

कार्यक्रम असतो तरी कसा?

शनिवारची सकाळ, चर्च किंवा पोलीस ठाण्याचं पार्किंग आणि गाड्यांची रांग. बंदूक रिकामी करून गाडीच्या डिकीत ठेवायची, काडतुसं वेगळी. चालकाने गाडीतून उतरायचं नाही. पोलीस स्वतः डिकी उघडतात, बंदूक तपासतात आणि गिफ्ट कार्ड हातात देतात. बहुतेक ठिकाणी नाव-गाव विचारत नाहीत. 'काहीही विचारणार नाही' हीच या कार्यक्रमांची मुख्य जाहिरात असते.

दर ठरलेले असतात. साध्या रायफलीला कमी, पिस्तुलाला जास्त आणि लष्करी धाटणीच्या रायफलीला सर्वांत जास्त. काही ठिकाणी गिफ्ट कार्ड किराणा दुकानाचं असतं. अनेक ठिकाणी ट्रिगरला लावायचं कुलूपही फुकट वाटतात.

ही कल्पना काही नवी नाही. १९७४ मध्ये बाल्टिमोर शहराच्या पोलिसांनी प्रत्येक बंदुकीमागे ५० डॉलर दिले आणि जवळपास १३,५०० बंदुका गोळा केल्या. पण त्या काळात तिथले बंदुकीचे गुन्हे काही कमी झाले नाहीत. पुढे २००४ मध्ये अमेरिकेच्या 'नॅशनल रिसर्च कौन्सिल'ने या योजनांमागचा विचारच कच्चा असल्याचं नोंदवलं. २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञांनी अनेक शहरांची आकडेवारी तपासली. बायबॅकमुळे बंदुकीचे गुन्हे घटल्याचा पुरावा त्यांनाही मिळाला नाही.

तरी हे कार्यक्रम होतच राहतात आणि लोक रांगा लावतात. का बरं?

रांगेत उभं असतं कोण?

याचं उत्तर मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरात सापडतं. मुलांच्या शस्त्रक्रिया करणारे डॉ. मायकेल हर्श यांनी तिथे २००२ मध्ये 'गुड्स फॉर गन्स' हा उपक्रम सुरू केला. त्यांच्या एका डॉक्टर मित्राला १९८१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गोळी घालून मारलं होतं. त्या घटनेने त्यांना या कामाकडे वळवलं.

या उपक्रमात बंदूक द्यायला येणाऱ्यांना प्रश्नावली भरायला दिली गेली. त्यातून दिसलं की येणाऱ्यांत मोठा भरणा मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांचा आहे. गुंड, टोळीवाले तिथे येतच नाहीत. येते नवऱ्याच्या मागे राहिलेली बाई, वडिलांचं घर रिकामं करणारा मुलगा, घरात नातवंडं खेळायला लागल्यावर धास्तावलेले आजोबा. अनेकांना बंदूक वारशाने आलेली असते. ती चालवता येत नाही, विकायची कुणाला ते कळत नाही आणि कचऱ्यात टाकता येत नाही. अशा माणसाला बायबॅक म्हणजे सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बंदूक देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी दुसरी बंदूक राहतेच. म्हणजे हे लोक बंदुकीच्या विरोधात गेलेले नसतात. कपाटातलं नको ते सामान काढावं, तसं त्यांनी एक ओझं कमी केलेलं असतं.

'आमच्यावर संशय कशासाठी?'

आता विरोध करणाऱ्या मालकांचं म्हणणं ऐका. त्यांचा पहिला आक्षेप नावावरच आहे. बायबॅक म्हणजे परत विकत घेणं. पण सरकारने आम्हाला बंदूक विकलीच कधी होती, की ती परत घ्यावी? शब्दाचा हा खेळ वाटेल, पण त्यामागे दुखावलेपण आहे. कायदा पाळून, स्वतःच्या पैशांनी घेतलेली वस्तू जणू चुकून आपल्याकडे आली आहे, असं त्या नावातून सुचवलं जातं, असं त्यांना वाटतं.

दुसरा आक्षेप परिणामावर आहे. ज्याला गुन्हा करायचा आहे तो शंभर डॉलरच्या कार्डासाठी बंदूक सोडणार नाही. सोडतो तो सरळमार्गी माणूस. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातला हा प्रकार आहे, असं मालक म्हणतात. वर सांगितलेले अभ्यास पाहिले तर हा आक्षेप अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप 'काहीही विचारणार नाही' या जाहिरातीवर आहे. समजा एखाद्याची बंदूक चोरीला गेली आणि चोराने ती इथे आणून दिली. नोंदी तपासल्या नाहीत तर मूळ मालकाला ती कधीच मिळणार नाही. समजा ती एखाद्या खुनात वापरलेली असेल, तर पुरावाच नाहीसा होईल. म्हणूनच काही ठिकाणी पोलीस बंदूक नष्ट करण्याआधी तिचा क्रमांक चोरीच्या नोंदींशी ताडून पाहतात.

चौथी गोष्ट भीतीची आहे. एकट्या राहणाऱ्या किंवा गावाबाहेर राहणाऱ्या माणसाला पोलीस पोहोचायला वेळ लागतो हे माहीत असतं. त्याला बंदूक सोडा म्हणणं म्हणजे दाराचं कुलूप काढा म्हणण्यासारखं वाटतं. ही भीती गिफ्ट कार्डाने जात नाही.

दराचं गणित आणि रांगेतले चतुर

सर्व बंदुकांना एकच ठरलेला दर असला की काय होतं, हे सांगायला अर्थशास्त्र शिकायची गरज नाही. आपल्याकडे जुन्या साडीवर नवी साडी सूट देतात तेव्हा लोक कोणती साडी नेतात? तिथेही चांगली बंदूक घरी राहते आणि गंजलेली, मोडकी बंदूक रांगेत येते.

२०१३ च्या जानेवारीत सिॲटल शहरात असाच कार्यक्रम झाला. गर्दी इतकी झाली की गिफ्ट कार्डं संपली. बाहेर काही खासगी खरेदीदार रोख रक्कम घेऊन उभे होते. रांगेतल्या गाड्यांजवळ जाऊन, पोलिसांपेक्षा जास्त देतो म्हणत ते चांगल्या बंदुका विकत घेत होते. त्याच दिवशी तिथे क्षेपणास्त्र डागायची एक वापरून झालेली रिकामी नळीही आली. पोलीसही चक्रावून गेले.

२०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका शहरात तर कहरच झाला. एका माणसाने घरच्या थ्रीडी प्रिंटरवर बंदुकीचे सुटे भाग छापले, बायबॅकमध्ये आणून दिले आणि २१,००० डॉलरची गिफ्ट कार्डं घेऊन गेला! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय? त्यानंतर तिथले नियम बदलावे लागले. पण अशा बातम्यांमुळे मालकांचा 'हा सगळा देखावा आहे' हा समज आणखी घट्ट होतो.

दिलेली बंदूक जाते कुठे?

बंदूक देणाऱ्याची एकच अपेक्षा असते. ती पुन्हा कुणाच्या हातात पडू नये. पण तसं नेहमी होतंच असं नाही.

ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात जानेवारी २०१३ मध्ये बायबॅक झालं. त्याच वर्षी राज्याने कायदा करून टाकला की अशा बंदुका नष्ट करायच्या नाहीत, परवानाधारक विक्रेत्यांमार्फत पुन्हा विकायच्या. बंदूकप्रेमींच्या मते चालू स्थितीतली वस्तू वितळवणं म्हणजे जनतेच्या मालमत्तेची नासाडी. आणि ज्याने ती मनाशी ठरवून दिली, त्याचं काय? त्याची बंदूक दुकानाच्या काचेमागे परत आली.

डिसेंबर २०२३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आणखी एक गोष्ट उघड केली. पोलिसांकडून नष्ट करायला घेतलेल्या बंदुकांचा कायद्याने बंदूक मानला जाणारा तेवढाच भाग काही ठिकाणी तोडला जात होता. बाकीचे सुटे भाग संच करून विकले जात होते. नवऱ्याची बंदूक जड मनाने देणाऱ्या बाईला हे कळलं तर तिला काय वाटेल?

यावर उपाय शोधला तो काही चर्चनी. 'गन्स टू गार्डन्स' नावाने होणाऱ्या कार्यक्रमांत स्वयंसेवक पार्किंगमध्येच करवत लावून बंदुकीचे तुकडे करतात, मालकाच्या डोळ्यांदेखत. मग त्या लोखंडातून लोहार खुरपी, कुदळी घडवतात. कोलोरॅडोतल्या 'रॉ टूल्स' या संस्थेने हे काम २०१३ मध्ये सुरू केलं. इथे मोबदला फार नसतो. तरी लोक येतात, कारण त्यांना हवी असते ती खात्री.

न्यूझीलंडमध्ये पर्यायच नव्हता

खुशीचा मार्ग सोडून सक्ती केली तर? ते न्यूझीलंडने करून पाहिलं. १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चमधल्या दोन मशिदींवर हल्ला झाला. ५१ लोक मारले गेले, त्यांत भारतीयही होते. महिन्याभरातच संसदेने बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी आणली. त्यानंतर जुलैपासून २० डिसेंबरपर्यंत गावोगावी पोलिसांनी बंदुका गोळा करण्याचे कार्यक्रम घेतले. पहिला झाला ख्राइस्टचर्चच्याच रेसकोर्सवर.

इथे गिफ्ट कार्ड नव्हतं, बँक खात्यात पैसे होते. बंदुकीची अवस्था पाहून मूळ किमतीच्या २५ ते ९५ टक्के भरपाई मिळत होती. सुमारे ५६,००० बंदुका जमा झाल्या आणि १० कोटी न्यूझीलंड डॉलरहून जास्त खर्च झाला. तरीही शस्त्रधारकांच्या संघटनेने भरपाई अपुरी असल्याची तक्रार केली. एका माथेफिरूच्या गुन्ह्याची शिक्षा आम्हाला का, हा त्यांचा प्रश्न होता. देशात अशा बंदुका नेमक्या किती, याची नोंद तेव्हा नव्हती. त्यामुळे किती मागे राहिल्या हे कुणालाच सांगता आलं नाही. सर्व बंदुकांची नोंदवही तिथे २०२३ मध्ये सुरू झाली.

मालकांनीच काढलेली वाट

या सगळ्या वादात एक गोष्ट मात्र मालकांनाही पटते. घरातली बंदूक सर्वांत आधी घरातल्याच माणसाला धोक्याची ठरू शकते. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीमुळे ४८,८३० लोक गेले. त्यांतले निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्यांचे होते. म्हणजे चोर-दरोडेखोरांची चर्चा चालू असताना खरा प्रश्न झोपायच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये असतो.

२००९ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका बंदुकीच्या दुकानातून आठवडाभरात तिघांनी बंदूक घेतली आणि त्याच बंदुकीने जीवन संपवलं. हे कळल्यावर दुकानदार हादरला. त्यातून बंदूक विक्रेते आणि मानसिक आरोग्यावर काम करणारे लोक एकत्र आले. ग्राहक खचलेला दिसला तर विक्री थांबवायची, दुकानात मदतीची माहिती लावायची, असा उपक्रम सुरू झाला. पुढे कोलोरॅडोसारख्या राज्यांत घरात कठीण काळ असताना बंदूक काही दिवस बाहेर कुठे ठेवता येईल, त्या दुकानांचा आणि पोलीस ठाण्यांचा नकाशाच तयार झाला.

यात कुणी कुणाला गुन्हेगार ठरवत नाही, कायमचं काही काढूनही घेत नाही. 'तुझा भाऊ सावरेपर्यंत बंदूक माझ्याकडे राहू दे,' असं मित्राने म्हणावं तसं ते आहे. सरकारी जाहिरातीला नाही म्हणणारा माणूस अशा मित्राला सहसा नाही म्हणत नाही.

आपल्या घरात बंदूक असेल तर?

आपल्याकडे बायबॅक नाही, पण वारशाने आलेली बंदूक आहे. शेतीच्या राखणीसाठी घेतलेली बारा बोअर, फौजेतून निवृत्त झालेल्या काकांचं रिव्हॉल्व्हर, कोडगूमधल्या घरांत पिढ्यान् पिढ्या पूजलेली बंदूक. परवाना ज्याच्या नावावर आहे तो माणूस गेला की घरच्यांसमोर तोच प्रश्न उभा राहतो, जो हार्टफर्डच्या त्या महिलेसमोर होता.

डिसेंबर २०१९ मध्ये, न्यूझीलंडची मुदत संपत होती त्याच महिन्यात, आपल्या संसदेनेही शस्त्र कायदा बदलला. एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहतील असं ठरलं. आधीचा प्रस्ताव एकाच बंदुकीचा होता, विरोध झाल्यावर तो दोनवर आला. जास्तीची बंदूक वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती.

घरात बंदूक असेल तर एवढं लक्षात ठेवा:

- परवानाधारकाच्या मृत्यूनंतर बंदूक घरात ठेवून देऊ नका. शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. जमा केल्याची पावती जपून ठेवा.
- बंदूक कुटुंबातच ठेवायची असेल तर वारसाला स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला असेल किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल, तर त्याच्या हयातीतही हे करता येतं.
- ठेवायची नसेल तर परस्पर कुणाला देऊ किंवा विकू नका. परवानाधारक विक्रेत्यामार्फतच विका.
- परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. ती कधी संपते हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या.
- बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलुपात ठेवा. किल्ली कुठे आहे हे मुलांना कळता कामा नये.
- घरात कुणी खचलेलं, निराश असेल तर बंदूक काही काळ घराबाहेर, कायदेशीर ठिकाणी जमा करा. बोलायला कुणी हवं असेल तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

बंदूकमालकांच्या बाजूने पाहिल्यावर एक गोष्ट जाणवते. शंभर डॉलरच्या कार्डाने शहराची गुन्हेगारी थांबत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्याच रांगेत उभ्या असलेल्या आजीबाईंना शहर वाचवायचं नसतं. नातवंडं सुट्टीत राहायला येणार आहेत आणि कपाटात ती वस्तू नको, एवढंच त्यांना हवं असतं. त्यांच्यापुरता तो कार्यक्रम यशस्वी झालेला असतो.

तुमच्याही घरी माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत वडिलांची बंदूक असेल तर आज एकदा तिचा परवाना काढून बघा. नाव कुणाचं आहे आणि मुदत कधी संपली आहे, ते वाचा. मग घरच्यांना जवळ बसवून विचारा, हिचं काय करायचं?